सा कुणी धरायचा?

तिलवाडा हा सोळा मात्रांचा ताल. ग्वाल्हेरवाले बडा ख्याल त्यात गातात. तिलवारा हा नर्मदेचा घाट. नागपूरहून जबलपूरला येताना शहराच्या तोंडाशी जो पूल लागतो, त्याच्या खालचा. दोन नावांत एका अक्षराचा फरक, आणि त्यावर मामांनी तीस वर्षं एकच विनोद चालवला आहे. मी पिशवी घेऊन दारात उभी राहिले की ते विचारतात, “काय गं, तालात आलीस की गावात?”

मामा लष्करी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. जबलपुरात ग्रेनेडियर्सचं केंद्र आहे, जम्मू-काश्मीर रायफल्सचं आहे. त्यातल्याच एका केंद्रातून ते निवृत्त झाले. पचमढीला लष्कराची संगीत शाखा आहे, १९५० सालची, जनरल करिअप्पांच्या काळात निघालेली. तिथे त्यांनी वह्याच्या वह्या भरल्या. मी पुण्यात ख्याल शिकवते. घरात कुणी कुणाचं वाजवणं-गाणं कधी अडवलं नाही, पण दोघांनी एकमेकांचं मनापासून मानलं, असंही नाही.

या संक्रांतीला मी गेले ती एक काम घेऊन. मामा आणि त्यांचे तीन जुने सोबती महिन्यातून दोनदा जमून वाजवतात: एक बासरी, म्हणजे चावीवाली विलायती, दोन क्लॅरिनेट, आणि एक टेनर सॅक्सोफोन. सॅक्सोफोन दिसतो पितळेचा, पण त्याच्या तोंडाशी वेताची पट्टी असते, म्हणून तो कुळाने लाकडी वाद्यांतलाच. त्यांनी मला म्हटलं होतं, आमच्यासाठी रागात काहीतरी लिही. मी भूपात सात मिनिटांचं लिहिलं होतं आणि मनातून खूश होते.

संक्रांतीच्या दिवशी घाटावर जत्रा असते. तिलभांडेश्वराला तीळ वाहायला गर्दी लोटते, पाय ठेवायला जागा नसते. म्हणून दुसऱ्या दिवशी उतरलो. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थी इथे नर्मदेत सोडल्या गेल्या, त्याचं स्मारक घाटावर आहे. तिथून खाली पायऱ्यांवर बसलो. मामांनी चष्मा चढवला, कागद घेतले आणि थेट शेवटचं पान उघडलं.

“शेवट आधी वाचता?” मी विचारलं.

“बँडमास्तर तसंच वाचतो. चारही जण शेवटी सा वर आणलेस.”

“भूप आहे, मामा. मग कुठे आणू?”

“सा वरच आण. पण हे येताना कुठून आले ते दिसत नाही. सगळे एका ओळीत चालत येऊन उभे राहिलेत, हजेरीला उभे राहतात तसे. कॅडन्स म्हणतात तो हा नव्हे.”

कॅडन्स म्हणजे स्वरवाक्याचा विराम. कधी पूर्णविराम, कधी स्वल्पविराम, कधी वाचणाऱ्याला चकवणारा. आपल्याकडे न्यास हा शब्द आहे, तो काही उसना नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात जातीची दहा लक्षणं दिली आहेत, त्यांत न्यास आहे आणि अपन्यासही आहे. मी हे ऐकवलं. मामांनी मान हलवली आणि विचारलं, “न्यासावर येताना तानपुरा बंद असतो का?”

“तानपुरा बंद कसा असेल?”

“तेच म्हणतोय. तुमच्याकडे सा सगळा वेळ वाजत असतो. गाणारा घराबाहेर पडतो, पण घराचा दिवा खिडकीतून दिसत राहतो. परत आला काय, न आला काय, घर कुठे आहे हे ऐकणाऱ्याला कळतंच. आम्ही चार माणसं. कुणाच्याही हातात तानपुरा नाही. सा कुणी धरायचा?”

“सॅक्सोफोनने धरावा. सनईच्या मागे सूर धरतात, तसा.”

“आणि सात मिनिटं त्या माणसाने काय करायचं? तो साठीला टेकलाय. सनईचा सूर धरणारे गालात हवा साठवून नाकाने श्वास घेतात, सूर तुटू देत नाहीत. ती साधना वेगळी, ती लहानपणापासून करतात. आमचा माणूस चार बार धरील आणि पाचव्या बारात खोकेल.”

मी हसले, पण मुद्दा लागला. तंबोऱ्याशिवाय सा ही गोष्टच मी कधी कल्पिली नव्हती. तो न धरता ऐकणाऱ्याच्या कानात उभा करायचा, तर बाकीच्या स्वरांनी त्याच्याकडे बोट दाखवलं पाहिजे. मामा म्हणाले, ते बोट दाखवायचं काम दोन आवाज मिळून करतात, एकट्याने ते नीट होत नाही. मग त्यांनी पेन्सिलीने पानाच्या मागे दोन ओळी काढल्या. खालच्या ओळीत रे, मग सा. वरच्या ओळीत नि, मग तार सा. “खालचा एक पायरी उतरतो, वरचा एक पायरी चढतो. मधलं अंतर सहाचं होतं ते आठचं होतं. दार उघडल्यासारखं. युरोपात दोन आवाजांचा सगळ्यात जुना पूर्णविराम हाच.”

मी ते दोन्ही स्वर मनात लावले आणि मला वेगळंच काही ऐकू आलं. नि, रे, सा. हा तर यमन! यमनमध्ये सा टाळून नि आणि रे दोन्हीकडून त्याला वेढा घालतो आम्ही, आणि मग अलगद टेकतो. जे युरोपात दोन माणसं एकाच वेळी करतात, ते यमन गाणारा एकटा, एकामागून एक करतो. मी हे म्हणाले तेव्हा मामा थोडे गप्प झाले. मग म्हणाले, “हे मला कुणी सांगितलं नव्हतं.”

मला चेव आला. भैरवी घ्या: कोमल रे, कोमल नि. अंतर तेच सहाचं, पण आता खालचा आवाज अर्धाच स्वर उतरतो आणि वरचा पूर्ण स्वर चढतो. भैरव घ्या: रे कोमल, नि शुद्ध, दोघं दोन्ही बाजूंनी सा ला इतके चिकटून की अंतर ताणून फाटायला आलेलं. मामा म्हणाले, पहिल्याला आमच्याकडे फ्रिजियन म्हणतात. दुसरा विलायतेत सा वर येण्यासाठी फारसा वापरत नाहीत. आणि जिथे नि मुळातच कोमल आहे अशा चौकटीत विलायती लोक काय करतात? शेवटाशी येताना तेवढ्यापुरता तो शुद्ध करतात. “खमाजात आणि देसात आम्ही तेच करतो,” मी म्हणाले, “चढताना शुद्ध नि, उतरताना कोमल.” हा योगायोग आहे की कानाचा धर्म, यावर आम्ही दोघं त्या दिवशी तरी सहमत होतो.

ही सहमती पाच मिनिटं टिकली. कारण माझा राग भूप होता, आणि भूपात नि नाही.

“मग तुझ्या शेवटाला दारच नाही,” मामा म्हणाले. “रे उतरेल, पण वरून कोण येणार? ध?”

“ध वरून सा. भूप गाताना येतोच की आम्ही.”

“येता, तानपुऱ्याच्या जिवावर. खाली रे, वर ध. मग खाली सा, वर सा. पाचाचं अंतर आठाचं झालं. चुकीचं नाही. पण त्यात ओढ नाही. आधीच सुखी असलेली माणसं सुखी झाली, त्यात गोष्ट काय?”

वर पुलावरून ट्रक जात होते. त्यातल्या एकाचा भोंगा दोन स्वरांचा होता, आणि मामा बोलता बोलता थांबून म्हणाले, “चौथा. सा आणि म.” सवय जात नाही. मी लगेच तो धागा पकडला. भरताने वादी, संवादी, अनुवादी, विवादी असे स्वर सांगितले. ज्यांच्यात नऊ किंवा तेरा श्रुतींचं अंतर, ते एकमेकांचे संवादी. म्हणजे सा आणि म संवादी, सा आणि प संवादी. “तुमच्या वहीत सा–म ला काय म्हणतात?”

“खालचा आवाज सा असेल आणि वरचा म, तर विसंवादी. दोनच आवाज असताना.”

“बघा! ज्या दोन स्वरांवर आम्ही तानपुरे जुळवतो, ते तुमच्याकडे भांडण.”

“वहीतलं भांडण म्हण. मी कधी ट्रकवाल्याला थांबवलं नाही.”

ही वही म्हणजे काय, ते सांगायला हवं. तिच्यातले नियम एका जुन्या पुस्तकातले. फुक्स नावाच्या व्हिएन्नाच्या संगीतकाराने १७२५ मध्ये लॅटिनमध्ये एक पुस्तक लिहिलं. ते संवादात आहे. गुरू अलोयसियस, म्हणजे सोळाव्या शतकातला पॅलेस्ट्रिना. शिष्य जोसेफस, म्हणजे फुक्स स्वतः. दिलेल्या एका संथ चालीसमोर दुसरी चाल रचायची, म्हणजेच काउंटरपॉइंट, पाच इयत्तांत. आधी एका स्वरासमोर एक; मग दोन; मग चार; मग समोरच्याच्या अर्ध्यावर अडकून राहणारा लटकता स्वर; आणि शेवटी सगळं मिसळून. हायडनने हे पुस्तक स्वतःचं स्वतः घोटलं, बीथोवेनने हायडनकडे बसून हेच धडे गिरवले. आणि आमच्या विषयाला अगदी लागून असलेला माणूस म्हणजे रायखा. जन्म प्रागचा, १७७०चा. तरुणपणी बासरी वाजवायचा. पुढे पॅरिसच्या संगीतशाळेत काउंटरपॉइंटचा प्राध्यापक झाला, आणि त्यानेच फुंकवाद्यांच्या पंचकासाठी चोवीस रचना लिहिल्या. मामांना तो दैवताच्या जागी. पुस्तकातला शिष्य मात्र गुरूशी कधी भांडत नाही. तेवढा त्या पुस्तकाचा दोष मी धरते.

मी भांडले. “काउंटरपॉइंट म्हणजे शब्दशः काय? बिंदूसमोर बिंदू. पण आमचा स्वर बिंदू नाही. भूपातला ग मी प वरून ओढून आणते. तो कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, हे तुमच्या कागदावर टाचणीने टोचून दाखवता येणार नाही. शिवाय तुमच्या पियानोतला ग खऱ्या ग पेक्षा चौदा सेंट चढा. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले, तर त्यातले चौदा. भूपाचा सगळा जीव त्या ग वर, आणि तोच चढा!”

“पियानोला ओठ नसतात,” मामा म्हणाले. “क्लॅरिनेटला असतात. खाली सॅक्सोफोन सा देतोय हे ऐकू आलं, की बासरीवाला ग आपोआप उतरवतो. कुणी सांगावं लागत नाही, कारण चढा राहिला तर दातांत वाजतो. आणि मींडीचं म्हणशील तर तिसऱ्या इयत्तेत एका लांब स्वरासमोर चार छोटे स्वर चालतात. मग एका लांब स्वरासमोर एक मींड का नाही चालणार? एक सरकतो तेव्हा बाकीचे उभे राहतात, इतकंच. तू काय केलंस? चौघांना एकाच वेळी सरकवलंस. आठव्या बारात बघ. घसरगुंडी झालीय.”

झाली होती. मी निमूटपणे आठवा बार बघितला.

त्यांची पुढची तक्रार तर निव्वळ धंद्याची होती, आणि त्या वेळी मला सगळ्यात जास्त लाजवणारी. मी माझ्या गळ्याच्या पट्टीत लिहिलं होतं, काळी चार. क्लॅरिनेट बी फ्लॅटचा. त्याच्या कागदावर सा हवा असेल तर रे लिहावा लागतो, सगळं एक स्वर चढवून. ते मी केलं होतं. पण माझा तार सा त्या वाद्याच्या नेमक्या कोणत्या भोकावर पडतो, हे बघितलं नव्हतं. क्लॅरिनेटचा खालचा आवाज दाट, मधासारखा, वरचा लख्ख, आणि दोघांच्या मध्ये घशातले चार स्वर असतात, फुसके. त्या चारांतला सगळ्यात वरचा, सगळ्यात फुसका, तोच माझा सा. सबंध रचनेत ज्या स्वरावर सगळं उभं, तो वाद्याला सर्दी झाल्यासारखा वाजणार होता.

“काळी पाच धर,” मामा म्हणाले. “एकच स्वर वर. सा ओलांडून पलीकडे जातो, आणि आमच्या कागदावर एकही खूण राहत नाही. भूपात म आणि नि नसतात, ही बँडवाल्यांवर केवढी कृपा!”

आता इतिहास. तो मी काढला, कारण मुद्द्यात हरायला लागलं की माणूस इतिहासाकडे वळतो. “तंजावरचे दुसरे सरफोजीराजे, आपलेच भोसले, १७९८ ते १८३२ गादीवर होते. त्यांच्या दरबारी विलायती वाद्यांचा बँड होता, विलायती नोटेशनच्या वह्या होत्या. त्याच सुमाराला मुत्तुस्वामी दीक्षितर इंग्रजी बँडच्या चालींवर संस्कृत शब्द बसवत होते. नोट्टुस्वर म्हणतात त्यांना. चाळीसच्या आसपास आहेत. काय घेतलं त्यांनी? चाल घेतली. चालीखालचे जोडस्वर सोडून दिले. नंतर क्लॅरिनेट दक्षिणेत शिरला, तोही एकटा, गळ्यासारखा वाजायला. म्हणजे दोनशे वर्षं आम्हाला माहीत होतं, हातात वाद्य होतं, आणि आम्ही ठरवून एकच धागा ठेवला. आपल्या वरातीतले बँडवालेसुद्धा दहा जण एकच चाल वाजवतात, आणि लोक खूश असतात.”

“वरातीत एकच चाल वाजते, कारण दहा वेगळे कागद लिहायचे पैसे नवरदेवाचा बाप देत नाही,” मामा म्हणाले. “आणि निवड सगळ्यांनी तीच केली म्हणतेस? गोव्यात बघ. तिथे चर्चच्या शाळांतून पोरं स्वरलिपी वाचायला शिकली. मांडो दोन आवाजांत गातात, आणि तो काही साहेबाने लिहून दिलेला नाही. तीच पोरं मुंबईत आली आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसली. शंकर-जयकिशनचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा. गायिका गातेय आणि मागे व्हायोलिनं दुसरीच चाल चालवतायत, तो काउंटर त्यांचा. तुला तो पाठ आहे. चाल गुणगुणताना मधल्या जागा तू ‘लालाला’ करून भरतेस ना? तो लालाला म्हणजे काउंटरपॉइंट.”

“लालाला मूळ गाण्याला दाद देतो. बरोबरीने बसत नाही.”

“ते खरं. म्हणून तर अँथनी गोन्साल्विसना वेगळं काही करावंसं वाटलं. माजोर्ड्याचे. प्यारेलालना व्हायोलिन त्यांनी शिकवलं. १९५८ मध्ये मुंबईत त्यांनी मोठा ऑर्केस्ट्रा उभा केला आणि रागांवरच्या रचना वाजवल्या.”

“आणि लोकांना काय आठवतं? त्यांच्या नावाचं गाणं म्हणत अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ.”

“ते प्यारेलालनी गुरूला वाहिलेलं फूल आहे,” मामा गंभीरपणे म्हणाले, आणि मला माझा विनोद गिळावा लागला.

सगळ्यात जोरात आम्ही भांडलो ते चकव्या कॅडन्सवरून. मामांनी सुचवलं, मधे चौतिसाव्या बारात सगळ्यांना वाटू दे की आता सा येणार, आणि खालच्या सॅक्सोफोनला सा ऐवजी ध वर ने. पूर्णविरामाच्या जागी स्वल्पविराम. मोत्सार्टपासून सगळे करतात. मी स्वर म्हणून पाहिले: खाली ध, वर सा आणि ग. आणि अंगावर काटा आला, पण चांगला नव्हे.

“मामा, हा देशकार झाला.”

“स्वर तर तुझेच आहेत. पाचच. बाहेरचा एक नाही.”

“पाच तेच, पण भूप ग वर जगतो आणि देशकार ध वर. भूप रात्रीचा, देशकार सकाळचा. तुम्ही चार बारांत सूर्य उगवलात.”

“मग? उगवू दे. परत मावळव.”

“तसं नसतं ते. राग म्हणजे स्वरांची यादी नव्हे. कुठे थांबायचं, कुठून वळायचं, कुणाला किती वेळ द्यायचा, यावर तो ठरतो. तुमची पद्धत सगळ्या स्वरांना पायऱ्या समजते. कुठल्याही पायरीवर घर बांधता येतं असं मानते. आमच्या पायऱ्यांवर आधीच कुणीतरी राहतंय.”

मामांनी यावर उत्तर दिलं नाही. त्यांनी चौतिसावा बार खोडला. लष्करी माणूस माघार घेतो तेव्हा शब्द वाया घालवत नाही. मला मात्र अजून वाटतं की तिथे माझा मुद्दा पूर्ण बरोबर होता. आणि काउंटरपॉइंट शिकायला निघालेल्या आपल्याकडच्या माणसाने पहिल्यांदा याचीच भीती बाळगावी. समांतर पंचमांनी काही बिघडत नाही. खालचा आवाज नकळत दुसऱ्या रागाचा वादी होऊन बसला, तर सगळंच बिघडतं.

समांतर पंचम हे मामांचं हळवं ठिकाण. दोन आवाज पाचाच्या अंतरावर चालत असताना दोघांनी एकाच दिशेने एक पाऊल टाकलं आणि अंतर पाचाचंच राहिलं, तर फुक्स छडी उगारतो. कारण समजण्यासारखं आहे: त्या अंतरावर दोन आवाज एकमेकांत इतके विरघळतात की दोन उरतच नाहीत. चौघांचे पैसे देऊन तिघांचं ऐकायचं. भूपात हा मोह पदोपदी: सा–प, लगेच रे–ध. माझ्या तेविसाव्या बारात दोन्ही क्लॅरिनेट नेमके तेच करत होते. मामांनी भोवती गोल काढला, आणि गोलावर आणखी एक गोल.

“ते मी मुद्दाम केलंय,” मी म्हणाले. “तिथे मला दोन क्लॅरिनेट नकोच आहेत. तिथे एक मोठी सनई हवी आहे.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम.”

ते खरं नव्हतं. घरी पुण्यात लिहिताना मला ते ऐकायला गोड वाटलं, इतकंच. पण एकदा तोंडातून निघाल्यावर मला ते पटलं.

अंधार पडायला लागला होता. मामा शेवटच्या पानाकडे परत आले. चार माणसांच्या फुंकवाद्यांत कॅडन्स ही आधी फुप्फुसाची गोष्ट असते, हे त्यांनी मला तेव्हा समजावलं, आणि या सबंध दिवसातलं सगळ्यात कामाचं तेच निघालं. व्हायोलिनवाला गज उलटवतो आणि पुढे जातो. फुंकणाऱ्याला थांबावंच लागतं. त्यातही बासरीला हवा सगळ्यात जास्त लागते, कारण निम्मी भोकाबाहेर जाते. मी दर आठ बारांनी चौघांना एकत्र न्यास दिला होता. म्हणजे दर आठ बारांनी चौघं एकदम श्वास घेणार, आणि तिथे कापडाला भोक पडणार. “विराम वाटून दे. बासरीचं वाक्य संपतंय तेव्हा क्लॅरिनेटचं अर्ध्यात असू दे. एक श्वास घेतोय तेव्हा दुसरा बोलतोय. त्या वहीतले निम्मे नियम यासाठीच आहेत.”

“पण शेवटी तरी एकत्र यायला हवं ना? आम्ही समेवर येतो. तिहाई घेतली की सभागृहाला कळतं, आता येणार.”

“तिहाईने वेळ कळते. सा कळत नाही. तिहाई पखावजावरही होते, तिथे स्वर कुठे आहे?”

हे मला मान्य करावं लागलं. आमचा ताण मात्रांत असतो. आवर्तन संपतं तीच पुढच्याची पहिली मात्रा, त्यामुळे शेवट आणि आरंभ एकाच टाळीवर पडतात. त्यांचा ताण स्वरांच्या अंतरात. मग दोन्ही का नकोत? मी तिहाईचे तीन तुकडे केले: पहिला पल्ला बासरीला, दुसरा पहिल्या क्लॅरिनेटला, तिसरा सगळ्यांना. मामांनी त्यात एकच बदल केला. समेवर सॅक्सोफोन सा वर येतो, बासरी ध वरून तार सा वर येते, पहिला क्लॅरिनेट ग वर. दुसऱ्या क्लॅरिनेटला त्यांनी रे वर अडकवून ठेवलं.

“सम आली, सगळे आले, आणि हा एकटा अजून दाराबाहेर,” ते म्हणाले. “दोन मात्रा. ऐकणारा ओढून धरतो. मग तो सा वर उतरतो. चौथी इयत्ता. भूपात नि नाही ना? नसू दे. रे आहे.”

मी तो रे हळूच गाऊन पाहिला, मामांनी खाली सा गुणगुणला. साठ वर्षांच्या धुराने आणि वेताच्या पट्ट्यांनी खरखरीत झालेला आवाज. दोन स्वर एकमेकांना घासत राहिले, आणि मी सोडल्यावरच शांत झाले.

“हे तर आम्ही रोज करतो,” मी म्हणाले. “तानपुरा सा देतोय आणि मी विलंबितात रे वर उभी. तुमचा लटकता स्वर दोन मात्रांचा. आम्ही अर्धा अर्धा तास लटकतो.”

“मग तुला माझ्याकडे यायचं काय कारण होतं?” मामा म्हणाले, आणि कागद गोळा करायला लागले.

रचना आता शहाण्णव बारांची आहे. पट्टी काळी पाच. चौघांनी ती दोनदा वाजवून पाहिली. दुसऱ्या वेळी दुसरा क्लॅरिनेट, म्हणजे स्वतः मामा, रे वर दोनाऐवजी चार मात्रा थांबले, आणि चूक झाली म्हणायला तयार नाहीत. तेविसाव्या बारातले दोन्ही पेन्सिलीचे गोल अजून कागदावर आहेत. सा–प आणि रे–ध मी तसेच ठेवले आहेत.